सावित्रीकाठचे घर, वेश आणि शृंगार

महाड आणि पोलादपूर तालुक्यांत घर सजवण्याची आणि नटण्याची कला पावसाळ्याच्या कलाने वाढली आहे. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि सावित्री-गांधारीच्या संगमावरच्या महाडात पूर नवा नाही. त्यामुळे इथल्या हौसेने कोरीव लाकूड किंवा रंगवलेल्या भिंती यांच्यापेक्षा दर वर्षी नव्याने करता येणाऱ्या कामांचा आसरा घेतला: सारवण, रांगोळी, गजरा, गौर. ही कला आज कुठे उभी आहे हे पाहायचे, तर घरापासूनच सुरुवात करावी लागते.

जुने घर म्हणजे दगडी जोते, समोर ओटी, आत माजघर, मागे पडवी आणि वर माळा. गरिबाच्या घराला कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा गिलावा. छपरावर आधी गवत किंवा नळीची कौले असत, नंतर मंगलोरी कौले आली. त्या कौलांचा पहिला मोठा कारखाना बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळूरला काढला आणि समुद्रमार्गाने ती कोकणभर पोचली. या घराची खरी श्रीमंती ओटीत होती. बाहेर धो धो पाऊस कोसळत असताना कोरडे बसायला मिळणे, झोपाळ्यावर झुलत पागोळ्या पाहणे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला घरात न घेताही बसवून चहा देता येणे, हे सुख पैशात मोजण्यासारखे नव्हते. सुपारी कातरण्यापासून लग्न ठरवण्यापर्यंत सगळे तिथेच होई.

अंगण ही तर वर्षातून एकदा नव्याने घडणारी वस्तू. पावसाने ते उखडते. दसरा-दिवाळीच्या सुमारास माती टाकून, पाणी शिंपडून ते चोपण्याने ठोकतात. चोपण्याचा सपाट लाकडी तळ एकाच लयीत पडला नाही तर जमीन पोपडे धरते, म्हणून हे काम जाणत्या हाताचे. वर शेणाचा पातळ हात फिरतो. सारवणाऱ्या बाईच्या बोटांचे अर्धगोल एकमेकांत गुंतत जातात आणि वाळल्यावर जमिनीला आपोआप नक्षी उमटते. त्यावर रांगोळी पडते ती शिरगोळ्याच्या किंवा भाताच्या तुसाच्या पांढऱ्या राखेची. विकतचा एकही रंग न वापरता साधलेले हे काम दर्जाने कुठल्याही महागड्या फरशीच्या तोडीचे आहे. मात्र त्यासाठी लागणारे कष्ट जवळजवळ सगळे बाईच्या वाट्याला येत, हे विसरून त्याचे गोडवे गाणे अन्यायाचे ठरेल. फरशी बसल्यावर जिची कंबर मोकळी झाली, तिने सारवण सोडले याचा दोष तिला देता येत नाही.

घराच्या आतली सजावट बदलली ती मुंबईच्या पैशाने. या भागातले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या गिरण्यांत आणि गोदीत कामाला गेले. गणपतीला आणि शिमग्याला गावी येताना त्यांनी पत्र्याच्या ट्रंका, भिंतीवरची घड्याळे, काचेच्या बरण्या आणि देवादिकांच्या तसबिरी आणल्या. 1982 च्या संपानंतर गिरण्यांचा आधार तुटला, तरी चाकरमान्याच्या पैशावर घर बांधण्याची रीत राहिली. आज त्याच पैशातून स्लॅबचे घर, काचेचे शोकेस, छताला पीओपी आणि दर्शनी भागाला स्टीलचे कठडे येतात. त्यांतली बरीच घरे वर्षाचे दहा महिने बंद असतात. घर राहण्यापेक्षा दाखवण्यासाठी बांधले जाते तेव्हा सजावट एकसाची होते. महाडपासून खेडपर्यंत महामार्गालगतचे बंगले आज एकमेकांपासून ओळखू येत नाहीत, ही या काळातली सर्वांत मोठी हानी.

जुलै 2021 च्या पुराने या सजावटीची कठोर परीक्षा घेतली. महाडच्या बाजारपेठेत पाणी दुकानांच्या छतापर्यंत चढले. त्याच दिवसांत महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. शहरातल्या घराघरांत प्लायवूडची कपाटे आणि भुसा दाबून केलेल्या फळ्यांचे सामान फुगून फुटले. लोखंडी कपाट, शिसवी पाट, पितळेची समई चिखल धुऊन पुन्हा उभी राहिली. घरसजावटीतला सामानाचा दर्जा कशात असतो, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसते. तरीही शहरातल्या दुकानांत पुन्हा तोच फुगणारा माल भरला गेला.

वेशाच्या इतिहासात महाडचे स्थान महाराष्ट्रात वेगळे आहे. डिसेंबर 1927 मध्ये चवदार तळ्याच्या पाण्याच्या हक्कासाठी भरलेल्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले आणि त्यात कपडे व दागिने यांचा विषय घेतला. गुडघ्याशी संपणारे लुगडे, गळ्यातल्या जड गळसऱ्या, हातभर चांदीच्या किंवा कथलाच्या पाटल्या ही अस्पृश्यतेची खूण आहे, ती टाका, आणि कपडा फाटका असला तरी स्वच्छ ठेवा, असे त्यांचे सांगणे होते. अनेक जणींनी तिथेच नेसण बदलली. आंबेडकरांचे सहकारी टिपणीस आणि चित्रे यांच्या घरच्या स्त्रियांनी लुगडे घोट्यापर्यंत कसे नेसायचे ते शिकवले. चवदार तळ्याच्या पाण्याइतकाच हा हक्काचा प्रश्न होता. नीटनेटके दिसणे म्हणजे केवळ हौस, असे मानणाऱ्या समीक्षेला महाडने दिलेले हे उत्तर आजही पुरेसे आहे. या भागातल्या वेशभूषेवर लिहिताना लोक नऊवारीच्या वैभवाचे उमाळे काढतात आणि नेमकी ही घटना वगळतात, ते अक्षम्य आहे.

लावणीच्या चिखलात कुणबी बायांनी नेसलेले आडवे लुगडे कामासाठी अचूक होते. पावसाला डोक्यावर इरले असे. आज इरल्याची जागा प्लास्टिकच्या कागदाने आणि लुगड्याची जागा गाऊनने घेतली आहे. सोयीच्या दृष्टीने तक्रारीला जागा नाही. इरले विणणारे हात मात्र कमी होत चालले आहेत.

शृंगारात फुले टिकून आहेत, आणि इथे या कलेची प्रकृती उत्तम आहे. अबोलीचा वळेसर, उन्हाळ्यात सुरंगी, पावसात अनंत, एरवी बकुळ: ऋतू बदलतो तसा गजरा बदलतो. नथ, ठुशी, कुड्या लग्नात दिसतात, पण बहुतेकदा वन ग्रॅमच्या. सोन्याचा भाव पाहता हा व्यवहारी तोडगा आहे आणि ठुशीची घडण त्यामुळे निदान डोळ्यांसमोर राहिली. ब्युटी पार्लर तालुक्याच्या गावी बायकांच्या हाती स्वतःची कमाई देणारा धंदा झाला, हे त्याचे मोठे श्रेय. त्याची दुबळी बाजू नवरीच्या मेकअपमध्ये दिसते. मूळ सावळा वर्ण दोन छटा उजळ करूनच नवरी मांडवात येते. शिकेकाई, नागरमोथा, आंबेहळद ही सामग्री हाताशी असूनही वर्षातून एकदा दिवाळीच्या उटण्यापुरती उरते.

गौरी-गणपतीत मात्र सगळ्या कला एकत्र येतात. तेरड्याची गौर, तिला नेसवलेली साडी, ओवशाची सुपे, ओटीवरची आरास यांत घरातले प्रत्येक माणूस हात घालते. 2018 च्या प्लास्टिक आणि थर्माकोल बंदीनंतर पुठ्ठा, कापड आणि बांबूची मखरे पुन्हा दिसू लागली. काही बाजारातून तयार येतात, पण चांगली मखरे अजूनही घरातच होतात.

उद्याची घरे कशी असतील, हे बऱ्याच अंशी शासकीय आराखडे ठरवतील. ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेत घराचे किमान क्षेत्र 25 चौरस मीटर आहे. तेवढ्यात खोली, स्वयंपाकाची जागा आणि पक्के छत येते. ओटी त्यात सक्तीची नाही. दरडग्रस्तांच्या पुनर्वसनातही तयार भागांची एकसारखी घरे उभी राहिली. सुरक्षित छत ही पहिली गरज, यात वाद नाही. पण तीन हजार मिलिमीटर पावसात ओटी नसलेले घर चार महिने कोंदट खोलीच ठरते. महाड-पोलादपूरसाठी होणाऱ्या प्रत्येक घरकुल आराखड्यात दोन मीटर रुंदीची झाकलेली ओटी सक्तीची करावी, आणि पंचायतींनी ती मागितल्याशिवाय नकाशावर सही करू नये.