जुन्नर-आंबेगावात गुन्हे वाढले, म्हणजे नेमके काय वाढले?

मंचर, नारायणगाव, आळेफाटा, कुठल्याही हॉटेलात चहाला बसा. 'आपल्याकडं पूर्वी असं नव्हतं' हे ऐकू येतंच. ही भीती खोटी आहे असं आम्ही म्हणत नाही. आमचा आक्षेप तिला पुरावा म्हणून जोडल्या जाणाऱ्या टक्केवारीवर आहे.

'क्राइम इन इंडिया' हा सरकारी अहवाल १९५३ पासून निघतो. त्यात जुन्नर शोधाल तर मिळणार नाही, आंबेगावही नाही. मिळतं ते 'पुणे ग्रामीण'. आणि तेही एका जागी थांबलेलं नाही. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवड आयुक्तालय झालं, तेव्हा चाकण, आळंदी, तळेगाव ही ठाणी ग्रामीणमधून निघाली. २०२१ मध्ये लोणी काळभोर आणि लोणीकंद शहराकडे गेली. मग २०१७ चं ग्रामीण आणि २०२२ चं ग्रामीण, यांत सारखं काय? नाव. (बिबट्यामुळे ही गंमत आपल्याला माहीत आहेच. 'जुन्नर वनविभाग' म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर असे चार तालुके, पण हल्ला शिरूरला झाला तरी नाव जुन्नरचं!)

मोजणीची रीतही बघा. एका फिर्यादीत दरोडा, मारहाण, खून असं सगळं असलं, तरी हा अहवाल त्यातला सगळ्यात गंभीर गुन्हाच धरतो. स्वीडनमध्ये प्रत्येक कृत्य वेगळं मोजतात. या दोन देशांची तुलना करणं म्हणजे नारायणगावचा टोमॅटो क्रेटवर, मंचरचा कांदा दहा किलोवर, आणि भाव मात्र एकाच ओळीत लावणं. त्यात १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. साखळी हिसकावण्याला स्वतंत्र कलम मिळालं, म्हणजे तिथं जुना रकाना आणि नवा रकाना जुळतच नाहीत.

त्यातल्या त्यात खुनाचा आकडा भरवशाचा, कारण प्रेत लपवणं अवघड. पण तोही तालुक्यापुरता फसवतो. २०११ च्या जनगणनेत आंबेगावची लोकसंख्या साधारण २ लाख ३६ हजार. २०२२ मध्ये देशात लाखामागे २.१ खून झाले. त्या हिशेबानं आंबेगावात वर्षाला पाच. पुढच्या वर्षी सात झाले की बातमी तयार: '४० टक्के वाढ'. दोन घरं उद्ध्वस्त झाली हे खरंच, पण त्यावरून तालुका बिघडला असं ठरत नाही.

मारहाणीचं तर विचारूच नका. दखलपात्र गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितलं. तरी 'समजुतीनं मिटवा' हे चालूच असतं. भीमाशंकरकडच्या एखाद्या वाडीतली बाई दिवसाची मजुरी बुडवून घोडेगावला येते. तिची फिर्याद घेणाऱ्या अधिकाऱ्याचा आलेख चढतो, तिला परत पाठवणाऱ्याचा उतरतो. आणि आपण सत्कार कोणाचा करतो? उतरलेल्या आलेखाचा!

म्हणून पुढच्या वेळी कोणी टक्केवारी सांगितली, तर आधी मूळ आकडा विचारा, मग ठाण्याची हद्द. आणि ११२ वर आलेले कॉल व दाखल झालेले गुन्हे शेजारी शेजारी मागा, ठाणेवार आणि महिनावार. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.