चेंडूचं वजन

हातातून सोडलेला चेंडू अर्ध्या सेकंदात साधारण सव्वा मीटर खाली येतो. सेकंदाला २४ फ्रेम या हिशेबाने हे १२ फ्रेमचं काम. पहिल्या फ्रेममध्ये तो जेमतेम ८-९ मिलिमीटर उतरतो, बाराव्यात जवळजवळ २० सेंटिमीटर. मधली अंतरं १, ३, ५, ७ अशा पटीत वाढतात. ॲनिमेशन शिकायला आलेल्या मुलांना सुरुवातीला हाच चेंडू देतात आणि पुष्कळजण दोन दिवसांत त्याला कंटाळतात. आपल्या ॲनिमेशनचं दुखणं मला तिथेच सुरू झालेलं दिसतं.

ॲनिमेशनची १२ तत्त्वं आज कुठलाही विद्यार्थी पाढ्यासारखी म्हणून दाखवतो. स्क्वॉश-स्ट्रेच, अँटिसिपेशन, फॉलो-थ्रू... पण ही यादी आली कशी? डिस्नेच्या स्टुडिओत १९३२पासून डॉन ग्रॅहम चित्रकारांचे रेखाटनाचे वर्ग घेत होते. माणसं, जनावरं कशी हलतात हे बघत, चुकत, पुन्हा काढत ती मंडळी १९३७च्या 'स्नो व्हाइट'पर्यंत पोचली. त्यांच्यातल्याच पिढीच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी ही तत्त्वं 'द इल्यूजन ऑफ लाइफ' या पुस्तकात मांडली ती १९८१मध्ये. आधी हात बसला, नावं नंतर पक्की झाली. आपल्या वर्गांत नावं पहिल्या दिवशी फळ्यावर येतात आणि हात बसायचा राहून जातो.

आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी १९१५मध्येच 'आगकाड्यांची मौज' ही काड्यांची ॲनिमेशन फिल्म केली होती. पण रीतसर शिक्षण आलं १९५६मध्ये, डिस्नेतले क्लेअर वीक्स मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये आले तेव्हा. राम मोहन त्यांच्या हाताखाली तयार झाले. त्याच संस्थेसाठी भीमसेन यांनी १९७४मध्ये केलेली 'एक अनेक और एकता' ही छोटी फिल्म आज पुन्हा पाहावी. आकृत्या अगदी साध्या, हालचाल काटकसरीची. तरी पाखरं जाळं घेऊन उडतात तेव्हा ओझं उचललं गेल्याचं जाणवतं. चित्रं किती काढली यापेक्षा ती कोणत्या क्षणी पडली, याला महत्त्व आहे.

संगणक आला म्हणून हे बदललेलं नाही. जॉन लॅसेटरने १९८७च्या निबंधात जुनी तत्त्वं त्रिमितीय ॲनिमेशनलाही कशी लागू पडतात हे दाखवलं होतं. अडचण एवढीच, की दोन मुख्य स्थितींमधली चित्रं आता सॉफ्टवेअर भरून देतं, आणि ती भरतं गुळगुळीत. ग्राफ एडिटर उघडून हालचालीच्या वेगाचा वक्र स्वतः ओढला नाही, तर पात्र पाण्यात तरंगल्यासारखं चालतं. अशा पात्रांच्या शोरील मी ढीगभर पाहिल्या आहेत. तलवारी, ड्रॅगन, स्फोट, आणि कशालाच वजन नाही.

एखादी बाई भरलेला हंडा कमरेवर घेते, हे कुणी का काढत नाही? ती आधी किंचित खाली जाते, गुडघ्यांत वाकते. एक हात काठावर, दुसरा बुडाशी. उचलण्याआधी श्वास क्षणभर थांबतो. हंडा कमरेला टेकताच कंबर एका बाजूला जाते आणि खांदा तोल सावरायला दुसरीकडे. ती स्थिर झाल्यावरही आतलं पाणी हिंदकळत राहतं, एक थेंब उडतो, पदर सगळ्यांत शेवटी थांबतो. अर्धी तत्त्वं या दोन सेकंदांत आली, आणि ती बघायला परदेशी पुस्तक लागत नाही.

दोष एकट्या विद्यार्थ्यांचा नाही. जाहिराती सॉफ्टवेअरच्या नावांनी भरलेल्या असतात. पुढे नोकरीत बाहेरच्या चित्रपटांचे सुटे शॉट मुदतीत पुरे करायचे असतात, मग सराव तिथेच थांबतो. तरी गीतांजली राव यांच्यासारखं कुणी निघतं. जे. जे.मध्ये उपयोजित कला शिकलेल्या, राम मोहन यांच्या स्टुडिओत काम केलेल्या या बाईंनी 'प्रिंटेड रेनबो' ही छोटी फिल्म हाताने रंगवली. म्हातारी, तिची मांजर आणि काडेपेट्यांवरची चित्रं. फाळक्यांच्या काड्यांनंतर ९१ वर्षांनी, २००६मध्ये, ती कानच्या क्रिटिक्स वीकमध्ये गाजली.

मध्यंतरी एका विद्यार्थिनीची काही सेकंदांची पेन्सिल टेस्ट पाहिली. रंग नाही, पार्श्वभूमी नाही. आजोबा पाटावर बसतात. आधी तळहात जमीन चाचपतो, मग एक गुडघा, थोडं थांबणं, मग दुसरा. सदऱ्याचं टोक सावकाश खाली येतं. त्यांचे गुडघे दुखतात, हे तिने कुठेही लिहिलं नव्हतं.