रामजोशीचा फुटलेला डफ : शाहिरांच्या उपजीविकेविषयीं कांहीं विचार

शाहिरी वाङ्मयाच्या अभ्यासकांस सोलापूरच्या रामजोशीची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. त्याच्या जन्मसालाविषयीं चरित्रकारांत एकमत नाहीं; कोणी इ. स. १७५८ धरतात, कोणी १७६२. मृत्यूचें सालहि १८१२ किंवा १८१३ असें दोन प्रकारें देतात. त्या वादांत येथें शिरावयाचें नाहीं. प्रस्तुत लेखांत परीक्षण करावयाचें आहे तें त्याच्या चरित्रांतील एका प्रसंगाचें, किंबहुना त्या प्रसंगाचा जो अर्थ आजवर गृहीत धरला गेला त्या अर्थाचें.

प्रसंग सर्वश्रुत आहे. सोलापुरांतील एका ब्राह्मण घराण्यांत रामजोशीचा जन्म झाला. त्याचे वडील बंधु मुद्गल जोशी हे पुराण-कीर्तन करून संसार चालवीत. धाकट्यास तमाशाचा नाद लागला, धोंडी शाहिराच्या फडांत त्याची ऊठबस सुरू झाली, आणि वडील बंधूंनीं त्यास घराबाहेर काढलें. तो पंढरपुरास गेला, तेथें संस्कृत शिकला, परत आला. पण डफ सुटला नाहीं. पुढें बारामतीकर मोरोपंतांची व त्याची गांठ पडली. एवढी प्रासादिक वाणी तमाशांत खर्ची पडते याबद्दल पंतांनीं हळहळ व्यक्त केली, आणि रामजोशीनें डफ फोडून कीर्तनाची कास धरली. चरित्रकारांनीं या प्रसंगास पश्चात्तापाचें रूप दिलें आहे. आमचें म्हणणें असें कीं, यांत पश्चात्ताप असेल वा नसेल. परंतु एका कलावंतानें आपल्या उपजीविकेसंबंधीं केलेला विचार यांत निश्चित आहे, आणि ही बाजू दृष्टीआड केल्यामुळें शाहिरी वाङ्मयाच्या इतिहासाची हानि झाली आहे.

या आख्यायिकेवर पहिला आक्षेप असा कीं, ती एकट्या रामजोशीची नाहीं. संगमनेरचा अनंत फंदी (१७४४–१८१९) याच्याविषयींहि हीच कथा सांगतात. फरक इतकाच कीं, तेथें कानउघाडणी करणारी व्यक्ति मोरोपंत नसून अहल्याबाई होळकर आहेत. पूज्य व्यक्तीची भेट, तिच्या मुखांतून निघालेला शब्द, तत्काळ झालेला तमाशाचा त्याग आणि कीर्तनाचा अंगीकार, हा सांगाडा दोन्हींकडे एकच. निरनिराळ्या गांवच्या दोन पुरुषांच्या चरित्रांत एकच सांगाडा आढळला म्हणजे तो घडलेल्या गोष्टीचा नसून सांगणारांच्या संवयीचा असावा, अशी शंका घेणें संशोधकास भाग आहे. वाल्याचा वाल्मीकि झाल्याची कथा ज्या समाजानें पिढ्यानपिढ्या आवडीनें ऐकली, त्यानें आपल्या शाहिरांसहि त्याच सांच्यांत ओतावें यांत नवल नाहीं. मात्र सांचा वेगळा काढला तरी एक गोष्ट शिल्लक राहते : दोघेहि तमाशांतून कीर्तनांत गेले. ते कां गेले, हा खरा प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप भेटीच्या आकस्मिकपणाविषयीं. रामजोशीचे पंढरपूरचे गुरु म्हणून बाबा पाध्ये यांचें नांव सांगितलें जातें. १७९०–९१ च्या सुमारास ‘धर्मसिंधु’ रचणारे काशीनाथ उपाध्याय ते हेच. त्यांचा व मोरोपंतांचा शरीरसंबंध झालेला असून ते परस्परांचे व्याही होते, असेंहि सांगतात. तेव्हां रामजोशी पंतांपर्यंत पोहोंचला तो दैवयोगानें नव्हे, तर गुरुगृहाच्या वाटेनें, असें मानणें अधिक सयुक्तिक आहे. शिवाय मोरोपंत १७९४ मध्यें वारले. म्हणजे ही गोष्ट त्यापूर्वीं घडली असली पाहिजे. आणि कोणतेंहि जन्मसाल धरलें तरी त्या वर्षीं रामजोशीचें वय बत्तीस ते छत्तीसच्या घरांत येतें. तरुण वयांतील चळ ओसरल्याची ही कथा नाहीं. ज्यानें फडावर अनेक वर्षें काढलीं, ज्याचें नांव झालें, अशा प्रौढ मनुष्याचें हें पाऊल आहे.

आतां फडाचा जमाखर्च पाहूं. तमाशाचें उत्पन्न जत्रेवर, सुपारीवर आणि बैठकींत खुष झालेल्या धनिकाच्या हातावर अवलंबून. जें मिळेल त्याचे वांटे नाच्या, सोंगाड्या, ढोलकीवाला, तुणतुणेवाला व झीलकरी इतक्यांत पडावयाचे. पाऊस लागला म्हणजे उघड्यावरची बैठक बंद, आणि फडांतील माणसांचीं पोटें मात्र चालू. उलट कीर्तनकारास एक मृदंग्या व एक टाळकरी पुरे. त्याचे दिवस पंचांगानें बांधलेले : रामनवमी, गोकुळाष्टमी, देवस्थानांचे उत्सव. ज्या पावसाळ्यांत फड बसून राहतो त्याच पावसाळ्यांत चातुर्मास येतो आणि देवळादेवळांतून कथा चालतात. बिदागी थोडी असो वा फार, ती एकाच्या मर्जीवर नसून गांवाच्या रूढीवर चालते. यंदांचा उत्सव झाला तसा पुढल्या वर्षींचाहि होणारच. मर्जीची मिळकत आणि रूढीची मिळकत यांतील हा भेद रामजोशीस शिकवावा लागला नसेल. ज्या घरांतून त्यास बाहेर काढलें तें घर याच रूढीच्या मिळकतीवर चाललेलें होतें.

सोलापूरची जागाहि विचारांत घेतली पाहिजे. एका बाजूस पंढरपूर, दुसऱ्या बाजूस तुळजापूर, आणि खुद्द शहरांत संक्रांतीच्या सुमारास भरणारी सिद्धेश्वराची यात्रा. मराठीची व कानडीची हद्द येथें एकमेकींत मिसळते. संस्कृतासह निरनिराळ्या भाषा एकाच लावणींत गुंफण्याचें रामजोशीचें कौशल्य प्रसिद्ध आहे. त्याची वाखाणणी पांडित्याचा चमत्कार म्हणून होते. परंतु अशा मुलखांत हिंडणाऱ्या गायकास तें धंद्याचें साधनहि होतें. शास्त्र्यानें ऐकावें, व्यापाऱ्यानें ऐकावें, यात्रेकरूनेंहि ऐकावें, अशी रचना ज्याच्या गांठीं, त्याच्या बैठकीस श्रोत्यांचा तुटवडा पडत नाहीं. तीच तयारी पुढें कीर्तनांत उपयोगीं आली. रामजोशीनें मोरोपंतांच्या आर्या कीर्तनांतून लोकांपुढें मांडल्या, त्यामुळें त्या सर्वतोमुखीं झाल्या, ही परंपरा सर्वमान्य आहे. पंत स्वतः बारामतीस बाबूजी नाइकांच्या पदरीं पुराणिक. त्यांस अन्नाची चिंता नव्हती, पण त्यांची आर्या सामान्य श्रोत्यास कठिण होती. तिला समजावून सांगणारा गळा हवा होता; आणि गायकास प्रतिष्ठित, कधींहि न आटणारा कवितासंग्रह हवा होता. या देवघेवींत दोघांचाहि लाभ झाला. उपदेश एकानें केला व दुसऱ्यानें ऐकला, एवढ्यानें हा संबंध पुरा वर्णिला जात नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, एका सात्त्विक परिवर्तनास आम्ही पोटाच्या प्रश्नावर आणून ठेवलें. हा आक्षेप आम्हांस मान्य नाहीं. मुद्गल जोशी पुराणावर जगले, मोरोपंत पुराणिकीवर जगले. म्हणून त्यांच्या भक्तीस कोणी उणेपणा देत नाहीं. मग तोच न्याय शाहिरास कां नसावा? मनुष्य भक्तीनेंहि कीर्तनाकडे वळतो आणि संसार चालावा म्हणूनहि. या दोन गोष्टींत विरोध आहे तो केवळ चरित्रकारांच्या मनांत.

पश्चात्तापाच्या अर्थानें दुसराहि एक अन्याय झाला. डफ फोडणाऱ्यास पुण्य लाभलें म्हणजे जे डफ वाजवीत राहिले ते पापांत राहिले, असें ओघानेंच ठरलें. पण त्यांस दुसरी वाट होती काय? रामजोशी व फंदी दोघेहि ब्राह्मण; देवळांतील कथेची जागा त्यांच्यासाठीं मोकळी होती. परशराम शिंपी, सगनभाऊ मुसलमान शिकलगार. त्यांस आधार होता तो सुईदोऱ्याचा नि सहाणेचा, म्हणजे हातच्या धंद्याचा. फडांत नाचणाऱ्या स्त्रियांस तर तोहि नव्हता. रामजोशीच्या कथेंत बयाचें नांव येतें; डफ फुटल्यावर तिचें काय झालें हें विचारावें असें चरित्रकारांस वाटलें नाहीं. ज्यास जातीमुळें दुसरें दार उघडें होतें त्याच्या त्यागाचें कौतुक करीत असतां, ज्यांस तें दार बंद होतें त्यांच्या निष्ठेस व्यसन म्हणणें हें टीकाकाराचें काम नव्हे.

मर्जी व रूढि यांतील भेद किती खोल होता हें १८१८ नें दाखवून दिलें. त्या वर्षीं मे महिन्यांत सोलापूरचा किल्ला इंग्रजांच्या हातीं गेला आणि पेशवाई संपली. पेशव्यांच्या दरबारीं शाहिरांस मिळणाऱ्या बक्षिसांस पुढें कोणी वाली उरला नाहीं. परंतु श्रावणमासांत विद्वान् ब्राह्मणांस वांटली जाणारी दक्षिणा मात्र निराळ्या रूपानें जगली. १८२१ मध्यें पुण्यास विश्रामबागवाड्यांत निघालेल्या संस्कृत पाठशाळेस तिचाच आधार मिळाला, व पुढें त्याच निधींतून मराठी ग्रंथांस पारितोषिकें दिलीं गेलीं. दोन्ही पैसे एकाच सरकारच्या तिजोरींतले. एकास नियमाचें रूप आलेलें होतें, दुसऱ्यास नव्हतें. नवीन सत्तेनें नियम पुढें चालविला. मर्जी पुढें चालविणें कोणासच शक्य नसतें.

या धड्याची पुनरावृत्ति नाटकांतहि झाली. विष्णुदास भावे यांनीं १८४३ मध्यें सांगलीस चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानें नाटकें सुरू केलीं. १८५१ मध्यें आश्रयदाते निवर्तल्यावर संस्थानचा आधार सुटला, तेव्हां भाव्यांनीं मंडळी घेऊन फिरती धरली व १८५३ मध्यें मुंबईस तिकिट लावून खेळ केले. एका मोठ्या हाताऐवजीं अनेक लहान हात, हीच कीर्तनकाराची युक्ति त्यांनीं निराळ्या मार्गानें साधली. मराठी रंगभूमीचा पुढील सर्व विस्तार या तिकिटाच्या पायावर उभा आहे. तेथें मात्र कोणी पश्चात्तापाची कथा रचली नाहीं. व्यवहार हा व्यवहार म्हणूनच सांगितला गेला.

आतां हस्तलिखितांकडे वळतों. छापखाना नव्हता त्या काळीं शाहिराजवळ आपल्या मालकीची एकच खूण होती, ती मुद्रिकेची. रामजोशीची ‘कविराय’ ही मुद्रिका म्हणजे केवळ अहंकार नव्हे. दुसऱ्या फडावर आपली लावणी गेली तरी कर्ता कोण हें श्रोत्यास कळावें, आणि पुढची सुपारी कर्त्याकडे यावी, यासाठीं घातलेली ती निशाणी आहे. एकच लावणी दोन बाडांत दोघांच्या नांवावर आढळणें संग्राहकांस नवें नाहीं. पाठभेद नोंदतांना आपण अशा ठिकाणीं लेखकाचा प्रमाद म्हणून पुढें जातों. तेथें थांबून, बाड कोणाच्या फडाचें, कोणत्या गांवचें, मुद्रिका बदलण्यांत कोणाचा लाभ होता, हें विचारल्यास तोच पाठभेद धंद्याच्या इतिहासाचा पुरावा होतो.

दुर्दैवानें संपादनाची दृष्टि पहिल्यापासून कवितेवरच राहिली. ॲक्वर्थ व शाळिग्राम यांनीं १८९१ मध्यें पोवाड्यांचा संग्रह काढला, य. न. केळकरांनीं १९२८ मध्यें ऐतिहासिक पोवाडे प्रसिद्ध केले. या विद्वानांचे उपकार महाराष्ट्र विसरणार नाहीं. त्यांच्याविना पुष्कळ रचना नष्ट झाली असती. पण संग्रहांत कवन आलें, म्हणजे बाडाच्या समासांतील देणें-घेणें, मुक्कामांचीं नांवें, वांट्यांचे आंकडे मागें राहतात.

लोकांच्या मनांतील रामजोशी आज निराळ्याच ठिकाणाहून आला आहे. १९४७ मध्यें राजकमलनें ‘लोकशाहीर रामजोशी’ हा बोलपट काढला. जयराम शिलेदार रामजोशी झाले, हंसा वाडकर बया झाल्या, गीतें ग. दि. माडगूळकरांचीं. चित्रपटाचें काम रंजनाचें. त्याकडून पुराव्याची अपेक्षा करणें न्यायाचें नव्हे. तथापि एक योगायोग नोंदण्यासारखा आहे. ऐतिहासिक बयानें आपल्या मिळकतीविषयीं एक अक्षरहि मागें ठेवलें नाहीं. परंतु तिचें सोंग घेणाऱ्या हंसाबाईंनीं ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनांत, जें १९७० मध्यें पुस्तकरूपानें निघालें, लहान वयांत घरच्या गरजेपोटीं चित्रपटांत काम करावें लागल्याचें स्पष्ट सांगितलें आहे. शाहिरी काळांतील स्त्रीचें असें एखादें कथन आपणांस मिळतें, तर लावणीच्या इतिहासाचीं कित्येक पानें पुन्हां लिहावीं लागलीं असतीं.

तें मिळणार नाहीं हें खरें. पण त्याच्या जवळपास जाणारे कागद अद्यापि मिळण्याजोगे आहेत. देवस्थानांच्या उत्सवखर्चाच्या याद्या, सावकारांच्या वह्यांतील बिदागीच्या नोंदी, फडकऱ्यांच्या घरचीं बाडें, कीर्तनकारांच्या वंशजांकडील वर्षासनाचीं पत्रें, हे सर्व कागद कवितेच्या दृष्टीनें नीरस असल्यामुळें प्रथम रद्दींत जातात. संग्राहक चित्रित पोथी विकत घेतो व तिच्याबरोबर बांधलेली हिशेबाची वही परत करतो, हा प्रकार आमच्या पाहण्यांत अनेकदां आला आहे. सोलापूर, पंढरपूर, बार्शी या टापूंतील संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, त्यांनीं पोथीइतकीच ही वही जपावी. १७९४ नंतरच्या तारखेचा, रामजोशीस फडाचे पैसे पावल्याचा एक कपटा निघाला, तर डफ फुटल्याची कथा मोडेल. देवळाच्या नेमणुकीचा कागद निघाला, तर तिला पाया मिळेल. दोहोंपैकीं कांहींहि निघो. कलावंत काय गातो याबरोबरच तो काय खातो हेंहि इतिहासाचेंच अंग आहे, एवढें तरी त्यामुळें मान्य होईल.