ठिपक्यांवरून जात ठरविण्याची मर्यादा

झायगीना प्रजातीतील पतंग दिवसा उडतात आणि काळसर पंखांवरील तांबड्या ठिपक्यांमुळे लांबूनही नजरेत भरतात. फॅब्रिशियसने १७७५ साली ही प्रजाती स्थापिली. इतके ठळक चिन्ह समोर असता युरोपातील संग्राहकांनी त्यावरच विसंबावे, यात नवल नाही. परंतु त्याची किंमत वर्गीकरणाला मोजावी लागली आहे.

फिलिपेंड्युली जातीच्या पुढच्या पंखावर सहा ठिपके, ट्रायफोली व लोनिसेरी यांच्या पंखावर पाच, ही विभागणी कोष्टकात सुबक दिसते. प्रत्यक्षात सहावा ठिपका कधी पुसट होतो, कधी शेजारचे ठिपके एकमेकांत मिसळतात. मग मोजावयाचे काय? शिवाय पाच ठिपक्यांच्या या दोन जातींतला भेद संख्या सांगूच शकत नाही. लोनिसेरीच्या अळीचे केस अधिक लांब असतात, ही खूण त्यामानाने भरवशाची. पण टाचणीला टोचलेल्या प्रौढ पतंगाची अळी अभ्यासकाने आणावी कोठून? पर्प्युरॅलिस व मिनोस या जोडीतही तीच अडचण आहे. पहिलीची अळी थाइमवर व दुसरीची पिंपिनेलावर वाढते. प्रौढावस्थेत मात्र जननांगे तपासल्यावाचून खात्रीचा निर्णय होत नाही.

एफिआल्टिस जातीचे उदाहरण याहून मूलगामी आहे. तिच्यात तांबडा वा पिवळा रंग एका जनुकस्थानावर, तर ठिपक्यांची ठेवण दुसऱ्या स्थानावर अवलंबून असते. त्यामुळे एकाच मादीच्या संततीत भिन्न रूपे निपजू शकतात. तिचे पिवळे, पांढऱ्या ठिपक्यांचे रूप अमाटा फेजिया या वेगळ्याच कुलातील पतंगाशी विलक्षण जुळते. दोघेही भक्षकांना नकोसे. झायगीना तर शरीरातून हायड्रोसायनिक अम्ल सोडते. म्हणजे येथील रंगसाम्य हे नात्याचे नसून समान शत्रूमुळे घडलेले आहे. जे लक्षण भक्षकाच्या नजरेने घडते, ते वंशसंबंधाचा पुरावा म्हणून एकटे पुढे करणे धाडसाचेच म्हणावे लागेल.

तरीही या प्रजातीत दरीदरीतील समूहांना, पुष्कळदा रंग व ठिपके यांतील किरकोळ फरकांवरून, उपजातींची नावे मिळत गेली. राइस व ट्रेमेवन यांनी १९६७ च्या सूचीत या नावांचा हिशेब लावला, हे उपकारच होत. परंतु नावाची नोंद होणे वेगळे आणि त्यामागील भेद सिद्ध होणे वेगळे. तो सिद्ध करावयाचा तर निदान अळीची भक्ष्य वनस्पती व जननांगांचे चित्र वर्णनासोबत हवे. जुन्या नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवर सहसा गाव आणि तारीख तेवढी असते.