‘हरवणे’ ह्या क्रियापदाचा कर्ता

मराठीत ‘हरवणे’ हे क्रियापद अकर्मकही आहे आणि सकर्मकही. ‘पेटी हरवली’ ह्या वाक्यात पेटी जणू आपणहून नाहीशी होते. ‘त्याने पेटी हरवली’ असे म्हणताच जबाबदार मनुष्य उभा राहतो. ऑनलाइन बाजारपेठांच्या भरपाई-नियमांची भाषा पहिल्या प्रकारची आहे. गोदाम बाजारपेठेचे, नोंद तिची, तपासही तिचाच. माल मात्र ‘हरवतो’. फ्लिपकार्टच्या योजनेचे तर नावच ‘सेलर प्रोटेक्शन फंड’. संरक्षण हा शब्द उपकाराचा. ‘देणे’ ह्या अर्थाला त्यात थारा नाही.

जुनी भाषा ह्या बाबतीत अधिक काटेकोर होती. याज्ञवल्क्यस्मृतीतील ‘उपनिधी’ म्हणजे आत काय आहे हे न सांगता बंद करून सोपविलेली ठेव. (आजच्या खोक्याशी तिचे साम्य गमतीचे आहे.) राजा, दैव वा चोर ह्यांच्यामुळे ती गेली तर सांभाळणारा सुटतो, परंतु धन्याने मागूनही न दिलेली ठेव नंतर नष्ट झाली, तर भरपाई आणि तितकाच दंड. १८७२ च्या करार कायद्याचे १५१ वे कलमही, सामान्य विवेकी मनुष्य स्वतःच्या तशाच मालाची घेईल तितकी काळजी सांभाळणाऱ्याकडून मागते. दोहींत कर्ता स्पष्ट आहे.

खरा प्रश्न ‘मूल्य’ ह्या शब्दाचा आहे. ॲमेझॉनने अमेरिकेत मार्च २०२५ पासून, विकण्यापूर्वीच गोदामात गहाळ झालेल्या मालाची भरपाई निर्मितिखर्चावर बेतली. वाहतूक व सीमाशुल्क त्यातून वगळले. त्याआधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, दाव्याची मुदत १८ महिन्यांवरून ६० दिवसांवर आणली होती. हीच कसोटी पैठणच्या पैठणीला किंवा छत्रपती संभाजीनगरच्या हिमरूला लावून पाहावी. व्यापाऱ्यापाशी खरेदीची पावती असते. स्वतः विणून स्वतः विकणाऱ्यापाशी रेशीम-जरीची असेल, पण मागावर गेलेल्या आठवड्यांची पावती कोण देणार? म्हणजे एकाच लुगड्याचा खर्च विणणाऱ्याच्या हाती कमी आणि विकत घेणाऱ्याच्या हाती अधिक ठरतो. विक्रेत्याने खर्च कळविला नाही तर बाजारपेठ तत्सम मालावरून अंदाज बांधते. आणि ‘पैठणी’ ह्या नावाखाली यंत्रमागाची स्वस्त वस्त्रेही सर्रास विकली जात असल्याने, ‘तत्सम’ म्हणजे काय हे तेथे नावावरूनच ठरण्याचा धोका आहे.