अनंत भविष्य आणि आजचे दारिद्र्य

टोबी ऑर्ड यांचा ‘द प्रेसिपिस’ (२०२०) हा ग्रंथ मानवजात टिकेल काय, असा रोखठोक प्रश्न विचारतो. येत्या १०० वर्षांत मानवाचे दीर्घकालीन भवितव्य कायमचे नष्ट होण्याचा संभव ६ मध्ये १ इतका आहे, असा त्यांचा अंदाज आहे. त्यात सर्व नैसर्गिक संकटांचा वाटा १०,००० मध्ये १, तर मानवी हितापासून ढळलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा १० मध्ये १. मनुष्याला खरे भय मनुष्याच्याच कृतीचे आहे, हा निष्कर्ष आम्हांस मान्य आहे.

तथापि ही कृती उद्भवते कोठून? ऑर्ड यांच्या तक्त्यात लघुग्रह, अण्वस्त्रे, हवामानबदल, मानवनिर्मित रोगसाथी यांच्या ओळी आहेत, दारिद्र्याची नाही. महासत्तांमधील युद्ध धोका वाढविते, हे ते सांगतात. पण माणूस मुळात शस्त्राकडे का वळतो, हे तक्त्याबाहेरच राहते.

दीघनिकायातील चक्कवत्ति-सीहनाद सुत्त नेमके तेथे बोट ठेवते. राजाने निर्धनांना धन दिले नाही. म्हणून दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र, शस्त्रातून हत्या. ८०,००० वर्षांचे आयुर्मान १० वर्षांवर येते आणि ७ दिवस माणसे परस्परांस पशू समजून कापतात. रानावनात दडलेले काही जण बाहेर येऊन एकमेकांना आलिंगन देतात, हत्या न करण्याचा निश्चय करतात. तेथून आयुष्य पुन्हा वाढू लागते. हे आकडे इतिहास नव्हेत. त्यांचे मोल कार्यकारणाच्या मांडणीत आहे. नैतिक शक्ती ढळली की पाशवी शक्ती तिची जागा घेते, हे दाखविण्यासाठी बाबासाहेबांनी ‘बुद्ध की कार्ल मार्क्स’ या निबंधात याच सुत्ताचा आधार घेतला.

ऑर्ड वर्तमान दुःखाची उपेक्षा करीत नाहीत. २००९ साली त्यांनी दारिद्र्यनिवारणार्थ दान देणाऱ्यांची संस्था स्थापिली. परंतु एका पारड्यात भावी पिढ्यांची अगणित संख्या टाकली की दुसऱ्या पारड्यातील आजचा उपाशी माणूस हलका ठरतो, हा त्यांच्या युक्तिवादाचा दोष आहे. विश्व सान्त की अनंत, या मालुंक्यपुत्ताच्या प्रश्नास तथागतांनी उत्तर दिले नाही. कारण त्याने दुःखनिरोध होत नाही. अनंताशी नाते मात्र त्यांनी नाकारले नाही. मैत्रीला त्यांनी ‘अप्पमञ्ञा’, म्हणजे अप्रमाण, म्हटले. ती मोजावयाची नसते, वाढवावयाची असते. आणि तिच्यात जन्मलेले व जन्मू पाहणारे दोघेही सामावतात.

हा ग्रंथ वाचकांनी अवश्य वाचावा. त्यातील तक्त्याच्या माथ्यावर दारिद्र्याची ओळ मात्र आपण स्वतः लिहून घ्यावी.