चेहरा नवा, नाटकाचं काय?

ठाण्याच्या गडकरी रंगायतनात, कल्याणच्या आचार्य अत्रे रंगमंदिरात किंवा डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले कलामंदिरात जुनं नाटक नव्या संचात लागलं की मध्यंतरातली चर्चा ठरलेली असते. ज्यांनी मूळ प्रयोग दादरला शिवाजी मंदिरात पाहिला, त्यांच्या लेखी पहिल्या नटाची सर कुणालाच येत नाही. सोबत आलेला विशीतला नातू मात्र नट बदलला म्हणून अडून बसत नाही. त्याने टोबी मॅग्वायर, अँड्र्यू गारफिल्ड आणि टॉम हॉलंड असे तीन स्पायडरमॅन पाहिलेत. त्याची तक्रार निराळी असते. 2012च्या चित्रपटाने नायक पीटरच्या काकांच्या मृत्यूची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली, तेव्हा दहा वर्षांपूर्वीच पाहिलेलं परत कशाला, असं चाहते म्हणाले. 2017च्या ‘होमकमिंग’ने ती कहाणी गाळली आणि थेट शाळकरी पीटर उभा केला. जुनी गोष्ट पुन्हा सांगायची तर आत्ता का, हा नातवाचा प्रश्न आपल्या रंगभूमीलाही विचारायला हवा. आजोबांच्या तुलनेपेक्षा मला तो मोलाचा वाटतो.

कारण आपल्याकडे पुनरुज्जीवन म्हटलं की आधी भूमिका शोधली जाते, नाटक नंतर. ‘तो मी नव्हेच’ म्हणजे प्रभाकर पणशीकर. 1962पासून त्यांनी लखोबा लोखंडे असा काही अंगात भिनवला, की पुढे डॉ. गिरीश ओक यांच्यासारखा ताकदीचा नट उभा राहिला तरी प्रेक्षक आवाजाची फेक जुळवून पाहत राहिला. ‘ती फुलराणी’चंही तेच. अमृता सुभाष, हेमांगी कवी यांनी आपापल्या परीने मंजुळा उभी केली. सभागृह मात्र मंजुळाच्या गाजलेल्या स्वगताची वाट बघत बसतं आणि भक्ती बर्वे यांच्याशी ताडून निकाल देतं. यात नटीचा दोष नाही. प्रयोगाची मांडणीच स्वगतापाशी येऊन थांबत असेल, तर ती बिचारी काय करणार?

‘चारचौघी’ने ही कोंडी फोडली. प्रशांत दळवींचं 1991चं नाटक चंद्रकांत कुलकर्णींनी 2022मध्ये पुन्हा दिग्दर्शित केलं. विद्याचा फोनवरचा लांबलचक प्रवेश वंदना गुप्ते यांच्या नावावर कोरलेला होता. मुक्ता बर्वे यांनी तो पेलला, पण नाटक तेवढ्यावर उभं राहिलं नाही. त्याने मांडलेले लग्नाचे आणि बाईच्या निवडीचे प्रश्न आजही घराघरांत अनुत्तरित आहेत. म्हणून ते जुनं वाटलं नाही, मोबाइल न घुसवताही. याच दिग्दर्शकाने 2014मध्ये ‘वाडा चिरेबंदी’ पुन्हा आणलं आणि एलकुंचवारांच्या त्रिनाट्यधारेत पुढे जात राहिला. जुन्या संहितेशी इतका दीर्घ संग करणारे दिग्दर्शक आपल्याकडे फार थोडे.

कल्याणला अभिमान वाटावा अशी गोष्ट अलीकडची आहे. तिथल्या ‘अभिनय’ संस्थेतून घडलेले अभिजीत झुंजारराव यांनी 2025मध्ये सयाजी शिंदे यांना घेऊन ‘सखाराम बाइंडर’ केलं. 1972मध्ये मूळ दिग्दर्शक कमलाकर सारंगांना हेच नाटक न्यायालयात झगडून वाचवावं लागलं होतं. निळू फुले यांचा सखाराम आठवणाऱ्यांच्या पुढ्यात ते उभं करायला छाती लागते.

बालनाट्याचा मामला वेगळा. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी गाजवली होती, 2018मध्ये चिन्मय मांडलेकरांच्या दिग्दर्शनात वैभव मांगले चेटकीण झाले. समोरच्या पोरांना आधीची चेटकीण ठाऊकच नव्हती. त्यांनी तुलना केली नाही, किंचाळून दाद दिली.

जुनी नाटकं नव्याने आणणाऱ्या सुनील बर्वे यांच्या ‘हर्बेरियम’ या उपक्रमाने प्रत्येक नाटकाचे 25च प्रयोग ठरवले. त्यामुळे ‘हमिदाबाईची कोठी’सारखी नाटकं नव्या पिढीला दिसली, हे मोठंच काम; पण रुळायच्या आत प्रयोग संपायचे. नाटक मुरायला वेळ लागतो.

आणि ज्या नाटकांना गाजलेल्या भूमिकेचं वलय नाही, त्यांच्याकडे व्यावसायिक निर्माता वळतच नाही. खानोलकरांचं ‘एक शून्य बाजीराव’ रविवारी दुपारी गडकरीच्या जाहिरातीत मला वाचायचं आहे. ते पाहायला येणाऱ्या बहुतेकांकडे तुलना करायला जुना प्रयोगच नसेल.